फ्रॉस्टचं कार्ड

“लिहा, रूथबाई. फ्रॉस्ट. पुल्लिंगी नाम. पाणी गोठवणारी कडाक्याची थंडी. आणि व्युत्पत्ती लिहा, संस्कृत प्रस्तर.”

टाइपरायटरवरची माझी बोटं थांबली. डॉ. हेरंब आठल्ये खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. डिसेंबर महिना होता, पुण्यात पारा नऊवर आला होता, आणि आमच्या जर्मन-मराठी कोशाचे प्रधान संपादक कानटोपी, मफलर आणि वर बायकोची शाल असा सगळा जामानिमा करून मला जर्मनीतली थंडी सांगत होते.

“प्रस्तर म्हणजे दगड ना, सर?”

“दगडच. पाणी गोठलं की काय होतं? दगड होतं. प्रस्तर, प्रस्त, फ्रॉस्ट. अहो, उघड आहे! दीडशे वर्षं त्या जर्मन पंडितांना हे दिसलं कसं नाही, याचंच मला नवल वाटतं.”

मला कसलंही नवल वाटलं नाही. आठल्ये जर्मनीला एकदाच गेले होते, तेही जुलै महिन्यात, अकरा दिवस. त्या अकरा दिवसांवर त्यांनी पुढची एकोणीस वर्षं काढली. मी तिथल्या एका लहान गावच्या इस्पितळात सहा हिवाळे नर्स म्हणून राबले होते. दोरीवर विसरलेली चादर सकाळी घडी घालायला जावं तर मोडेल की काय वाटायचं. हातमोजा काढून दाराची लोखंडी कडी धरली की कातडी चिकटायची, आणि ओढून काढली की तळवा तासभर भाजल्यासारखा आग करायचा. ह्या माणसानं बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसात.

आई अंथरुणाला खिळली म्हणून मी परत आले, आणि ती गेल्यावर जालन्याहून पुण्याला येऊन ह्या कोशाच्या कचेरीत टायपिस्ट झाले. जर्मन अक्षरांचं यंत्र चालवणारं दुसरं कुणी त्यांना मिळत नव्हतं. कागदावर मी टायपिस्ट. खरं काम वेगळंच होतं. आठल्यांच्या टेबलावर जर्मन शब्दांच्या व्युत्पत्तीचा एक जाडजूड ग्रंथ असायचा. त्यातलं जर्मन त्यांना झेपत नसे. रोज सकाळी मी त्यातलं पान वाचून मराठीत सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे, आणि दुपारी जेवण झालं की तेच त्यांचं स्वतःचं मत झालेलं असायचं.

त्या सकाळीही मी पान वाचून आले होते. फ्रॉस्ट हा शब्द फ्रीरेन, म्हणजे गोठणं, ह्या क्रियापदाच्या घरातला. इंग्रजीतला फ्रॉस्ट त्याचा सख्खा भाऊ. दोघांच्याही मागे जे फार जुनं मूळ आहे, त्याचे अर्थ दोन, गोठणं आणि जळणं. त्याच मुळातून लॅटिनमध्ये गोठलेल्या दवाचा शब्द आला, आणि संस्कृतात बहुधा प्लुष् हा धातू, म्हणजे जाळणं. गंमत बघा, ह्या गृहस्थांना संस्कृत हवंच होतं तर खरं संस्कृत त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं.

मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. “पुस्तकातलं राहू द्या. गुरुवारी जर्मनीहून क्रूगरबाई येतायत कोश पाहायला. एकदा तरी माझं स्वतःचं काहीतरी दिसू दे त्यांना.”

एरवी मी वाद घातला असता. पण दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी, मी उपसंपादकाच्या जागेसाठी तिसरा अर्ज दिला होता, आणि तो हातात धरून आठल्ये सगळ्या कचेरीसमोर म्हणाले होते, “नर्सनं इंजेक्शनं द्यावीत हो. व्युत्पत्ती तिचं काम नव्हे.” सगळे हसले होते. तेव्हा मी मनात म्हटलं, प्रस्तर तर प्रस्तर. तुझं तुला लखलाभ. गुरुवारी परक्या बाईसमोर तोंडावर आपट, मी समोर बसून बघते. आणि मी ते कार्ड टाइप केलं, एकही खाडाखोड न करता, झकास.

आमच्या कचेरीची एक रीत होती. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. कार्डाच्या खाली उजव्या कोपऱ्यात पडताळणी करणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. ती पडल्याशिवाय कार्डच काय, साधं पत्रदेखील कचेरीबाहेर जात नसे. आणि एकदा ती पडली की चूक कुणाचीही असो, जबाबदारी पडताळणाऱ्याची. हा नियम आठल्यांनी स्वतः केला होता. ते मात्र कुठेच सही करत नसत. ‘प्रधान संपादकाची सही फक्त प्रस्तावनेखाली,’ असं ते म्हणायचे.

तर ही आद्याक्षरं होती यादव बोरस्ते यांची. बोरस्तेकाका निफाडकडचे. वय सत्तावन्न, पायजमा-सदरा, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. आधी ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे, मग ह्या कोशावर आले ते पहिल्या दिवसापासून. जर्मन त्यांना येत नव्हतं, पण वर्णक्रम, शुद्धलेखन, अर्थांचे आकडे यांत त्यांच्या नजरेतून सुई निसटत नसे. जिथे मजकूर समजत नसेल तिथे ते उठून विचारायला यायचे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय सही करायचे नाहीत.

कोशाच्या पहिल्या पानाचा नमुना नुकताच छापखान्यातून आला होता. वर आठल्ये, मग मंडळावरचे आठ-दहा मोठे लोक, आणि अगदी खाली एक ओळ, ‘पडताळणी : यादव बोरस्ते’. काकांनी तो कागद सगळ्या कचेरीला दाखवला होता. जिन्यावरच्या चहावाल्याला, टपालवाल्यालासुद्धा.

“एकोणीस वर्षं गावाकडं विचारतात, पुण्यात तू करतोस तरी काय?” ते मला म्हणाले होते. “थोरला भाऊ म्हणतो, कागद चिवडतोस. आता पुस्तकच नेऊन ठेवतो त्याच्यापुढं. एवढी एक ओळ, बाई. बाकी काही नको मला.”

ते ऐकून मला त्यांची कीव आली नाही, खरं सांगायचं तर चीडच आली. आठल्ये शेजारून गेले तरी हा माणूस खुर्चीतून उठून उभा राहायचा. साहेबांनी मफलर विसरला तर जिन्यावरून धावत नेऊन द्यायचा. मला वाटायचं, एकोणीस वर्षं मान वाकवली आणि मिळालं काय, तर तळाची एक ओळ, आणि त्याचाही ह्यांना केवढा आनंद! त्या कचेरीत मी कुणालाच मोजत नव्हते. आठल्यांना ढोंगी म्हणून, मंडळाला मठ्ठ म्हणून, आणि काकांना लाचार म्हणून.

बुधवारी दुपारी काका फ्रॉस्टचं कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“बाई, एक शंका होती.”

“बोला.”

“हे प्रस्तर बरोबर आहे का?”

“साहेबांनी सांगितलंय.”

“ते झालंच. पण तुम्ही ते मोठं पुस्तक वाचता ना, म्हणून विचारतो. त्यात असंच आहे?”

मी कागद यंत्रात चढवत राहिले. “काका, उद्या पाहुण्या येणार. अजून अकरा कार्डं व्हायचीत.”

ते हलले नाहीत. चष्मा काढून सदऱ्याला पुसत म्हणाले, “नाही, मला आपलं वाटलं, आमच्याकडं निफाडला एखाद्या साली लई गारठा पडतो. पहाटं दहिवर गोठतं, पानापानावर पांढरं फेक दिसतं. ऊन वर आलं की द्राक्षाची पानं काळी पडतात, करपून जातात. मग आम्ही म्हणतो, थंडीनं बाग जळाली. गोठली म्हणत नाही कुणी, जळालीच म्हणतात. तर मी म्हटलं, गारठा आणि जळणं ह्यांचं त्या लोकांच्यातही काही नातं असेल का? दगडापेक्षा ते बरं लागू पडतं.”

माझे हात थांबले. जर्मनीतल्या पंडितांनी जुनी हस्तलिखितं उलथीपालथी करून जे शोधलं, ते हा माणूस भावाच्या बागेत उभं राहून सांगत होता. सकाळी वाचलेलं पान माझ्या डोळ्यांसमोर होतं. ‘हो काका, अगदी तसंच आहे,’ एवढं म्हणायचं होतं. पाच शब्द. त्यांनी सही केली नसती, कार्ड मागे गेलं असतं.

आणि मग आठल्ये गुरुवारी आपटले नसते.

मी खुर्ची मागे सरकवली आणि शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काका, हा शब्दकोश आहे, द्राक्षबागायतदारांचा मेळावा नाही. साहेबांना व्युत्पत्ती कळते की तुम्हाला? सही करा आणि मोकळे व्हा.”

पुन्हा हशा पिकला. ह्या खेपेला तो मला आवडला. काकांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “तसं नाही, बाई... तुम्ही म्हणता तर बरोबरच असणार,” ते म्हणाले. तिथेच माझ्या टेबलावर वाकून त्यांनी कोपऱ्यात ‘या. बो.’ लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कार्ड खोक्यात ठेवलं.

गुरुवारी अकराला डॉ. क्रूगर आल्या. पन्नाशीच्या, उंच, अंगात साधा सुती झगा. सगळी कचेरी लोकरीत गुंडाळलेली, आणि ह्या बाई रुमालानं घाम पुसतायत. संस्कृतच्या प्राध्यापक होत्या, त्यामुळे देवनागरी सावकाश का होईना, वाचायच्या. त्यांच्या संस्थेनं चांगलं म्हटलं तरच कोश तिकडे घेतला जाणार होता. आठल्यांनी निवडून वीस कार्डं पुढे मांडली होती, आणि फ्रॉस्टचं सगळ्यांत वर. जर्मनचं काही अडलं तर असावी म्हणून मला टेबलाशी बसवलं होतं.

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग इंग्रजीत विचारलं, “प्रस्तर? हे कुठल्या आधारानं?”

मी चहाचा कप उचलला. हाच क्षण मला हवा होता.

आठल्ये पुढे वाकले. बाईंच्या चेहऱ्यावर कौतुक नाही हे त्यांनी बरोबर हेरलं, तेवढी अक्कल त्यांना होती. त्यांनी कार्ड हातात घेतलं, प्रथमच बघत असल्यासारखं कपाळाला आठ्या घालून न्याहाळलं, आणि कोपऱ्यातल्या आद्याक्षरांवर बोट ठेवलं.

“अरेरे! पडताळणीतली चूक दिसते. बोरस्ते! इकडे या जरा.”

काका दाराशीच उभे होते. पुढे आले.

“हे काय आहे?” आठल्ये मराठीत कडाडले. “डोळे मिटून सह्या करता? पाहुण्यांसमोर संस्थेची लाज काढलीत!”

“साहेब, ते आपणच...”

“मी? ही सही कुणाची? माझी?”

“माझी आहे, साहेब. पण मी विचारलं होतं.”

“कुणाला विचारलं होतं?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. चहा संपलेला होता, तरी मी पाहत राहिले. बरं, मला वाटलं होतं ते माझं नाव घेतील, आणि मग मी काय म्हणायचं तेही मी त्या दोन क्षणांत ठरवून टाकलं होतं. मी म्हणणार होते, टायपिस्ट सांगितलेलं टाइप करते.

“कुणाला नाही, साहेब,” काका म्हणाले. “माझ्याकडनंच राहिलं.”

डॉ. क्रूगर अवघडल्या. विषय बदलावा म्हणून त्या माझ्याकडे वळून जर्मनमध्ये बोलू लागल्या. शब्दाचं खरं मूळ त्यांनी सांगितलं, गोठणं आणि जळणं एकाच ठिकाणाहून आलेलं, आणि संस्कृत ही आई नव्हे, नात्यातली बहीण. मग सहज विचारलं, “तुमच्या मराठीत असं काही आहे का हो? थंडीला जाळणं म्हणायची पद्धत?”

मी उत्तर दिलं. जर्मनमध्येच दिलं, पण मधलं वाक्य मराठीत म्हणावं लागलं. “थंडीनं बाग जळाली.” मग त्याचा अर्थ सांगितला, गोठलेलं दहिवर, ऊन वर आल्यावर काळी पडणारी पानं, काहीही गाळलं नाही.

दाराकडे परत चाललेले काका थांबले. त्यांना जर्मन कळत नव्हतं. त्या सगळ्या बोलण्यातले तेवढे तीनच शब्द त्यांना कळले.

डॉ. क्रूगरांनी आनंदानं वही काढली. “फार सुंदर! असं जिवंत उदाहरण आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. हे तुम्हाला कुणाकडून कळलं?”

“आमच्याकडे म्हणतात तसं,” मी म्हणाले.

आमच्याकडे! जालन्यात! जालन्याला मी मिशनच्या कंपाउंडात द्राक्षाचा एकच वेल पाहिला होता, आणि तो उन्हाळ्यात वाळून गेला होता.

बाईंनी वहीत माझं नाव लिहून घेतलं आणि आठल्यांना इंग्रजीत विचारलं, “या तुमच्या संपादक का?”

“अर्थात,” आठल्ये डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले. “आमच्या उपसंपादक.”

असा मला तो हुद्दा मिळाला. ज्या माणसाला आपटलेलं बघायला मी एवढं केलं, तो बैठक संपवून हसतमुखानं पाहुण्यांना टॅक्सीपर्यंत सोडून आला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. उलट वर येताच मला बोलावून म्हणाला, “रूथबाई, वाचवलंत आज. छापखान्याला पत्र टाइप करा. पहिल्या पानावरची शेवटची ओळ काढायची. असल्या निष्काळजी माणसाचं नाव कोशावर शोभत नाही. त्या जागी तुमचं घाला. उपसंपादक, रूथ साळवे.”

आज मला कुणी विचारलं की तू तेव्हा का बोलली नाहीस, आणि मी भीती वाटत होती म्हणावं, तर तसंही नाही. मला ती ओळ हवी होती. ज्या ओळीसाठी मी काकांना लाचार म्हटलं, तीच. मी जागेवर आले आणि पत्र टाइप केलं, एकही खाडाखोड न करता.

पण कचेरीची रीत होती. पत्र पडताळणीशिवाय बाहेर जात नसे. मी शिपायाबरोबर पाठवून पाहिलं, तर तो म्हणाला, काका म्हणतायत बाईंनाच येऊ द्या. गेले.

काकांनी पत्र समोर ठेवलं. नेहमीसारखी ओळीखाली पट्टी धरून वाचलं. स्वतःचं नाव असलेल्या ओळीवर पट्टी थोडी जास्त वेळ थांबली, मग खाली सरकली. माझ्या नावावरूनही सरकली.

“तारीख राहिलीय,” ते म्हणाले. त्यांनी वर तारीख घातली, कोपऱ्यात ‘या. बो.’ लिहिलं आणि पत्र माझ्याकडे सरकवलं. मी उचलून वळणार, तेवढ्यात म्हणाले, “बाई, मी बुधवारी विचारलं ते बरोबर होतं ना?”

“हो.”

“तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?”

खोटं बोलायची सोय होती. का कोण जाणे, बोलवलं नाही. “हो, काका. सकाळीच वाचलं होतं.”

त्यांनी आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. पुढचं कार्ड ओढून पट्टीखाली धरलं आणि तिकडेच बघत म्हणाले, “राग साहेबांवर होता तर साहेबांवर काढायचा. मी काय केलं होतं तुमचं?”

मी उभीच राहिले. ते वाचत होते. थोड्या वेळानं त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं, मी अजून उभी आहे का ते. मग म्हणाले, “जा, साडेचारचं टपाल निघून जाईल.”

मी पत्र पाकिटात घातलं, चिकटवलं, आणि खाली जाऊन पेटीत टाकून आले.